कास पठार सहल : मोबाइल कॅमेऱ्यासाठी सूचना

सर्व सदस्यांसाठी, रविवारी निघण्याआधी लेन्स मऊ सुती फडक्याने नक्की पुसा. बोटाचा तेलकट डाग राहिला की फोटो धुरकट येतो. मोबाइलमध्ये जागाही मोकळी ठेवा.

सीतेची आसवं ही बारकी रानफुलं टिपताना फोन फुलाला चिकटवू नका. फार जवळ गेल्यावर फोकस धरत नाही, शिवाय फोनचीच सावली पडते. वीतभर मागे सरून २एक्स झूम वापरा. स्क्रीनवर फुलावर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो. मग तिथेच दिसणारी सूर्याची खूण सरकवून उजेड जरा कमी करा, नाहीतर गेंदाच्या पांढऱ्या फुलाचे बारकावे पार उडतात. वारा थांबेपर्यंत थांबा, घाई नको. दवबिंदूसाठी खुशाल गुडघ्यावर बसा, पण पायवाटेवरच! फुलं तुडवून काढलेला फोटो गटात घेतला जाणार नाही.