तळघरातली ओल शोधून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही दोन वाक्यांत उडवून लावलं असतंत, म्हणून हे उघड पत्र. शिवाय तळघरात दिव्यांखाली रोपं वाढवणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत, त्यांच्याही हे कामी येईल.

भिंती ओलसर, कोपऱ्यांत काळी बुरशी आणि पानांवर भुरी, म्हणजे पांढरी, पिठासारखी बुरशी. ज्याला विचारावं तो ओल रोखणारा रंग सुचवत होता. तुम्ही रंगाचा विषयच निघू दिला नाहीत. प्लास्टिकचा हातभर तुकडा मागितलात, भिंतीचा तेवढा भाग पुसून वाळवलात, चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्यात आणि "परवा बघू" म्हणून निघून गेलात. परवा थेंब दिसले ते प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला. मागची भिंत कोरडी ठणठणीत. म्हणजे पाणी भिंतीतून झिरपत नव्हतं, खोलीतली वाफच गार पृष्ठभागावर धरत होती. जिन्याखाली मात्र उलट निघालं. तिथे थेंब प्लास्टिकच्या मागे होते आणि भिंतीला लोणाही, म्हणजे क्षारांचा पांढरा थरही, फुटला होता. बाहेरून पाहिलं तर छपराच्या पन्हळीचं पाणी नेमकं तिथेच पायाशी पडत होतं. पाईप जोडून ते लांब सोडलं. ती भिंत अजून सावकाश वाळतेय. एकाच खोलीत दोन दुखणी होती आणि रंगाने दोन्ही नुसती झाकली गेली असती.

मग तुम्ही विचारलंत, "रोज पाणी किती घालतेस?" मुळं जेवढं पाणी शोषतात त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पानांवाटे वाफ होऊन हवेत जातं. म्हणजे मी झारीने ओतत होते त्यातलं बहुतेक खोलीच्या हवेतच जात होतं. वर दिवे मालवले की तापमान उतरतं. २५ अंशांना ६० टक्के आर्द्रता असलेली हवा २० अंशांवर आली की पाणी तेवढंच राहूनही आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. "दिवसाचा आकडा बघू नकोस, दिवे गेल्यावरचा बघ," हे तुमचं एक वाक्य मला सगळ्या उपकरणांपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

तेव्हापासून पाणी दिवे लागल्या लागल्या घालते, म्हणजे मातीचा वरचा थर दिवसभरात सुकतो. ट्रेखाली साचलेलं ओतून टाकते. फळ्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढल्या आहेत. हवेतला दमटपणा ओढून घेणारा डीह्युमिडिफायर रात्री चालतो आणि त्याची नळी थेट मोरीत सोडली आहे. टाकी भरून तो मध्येच बंद पडायचा, ते थांबलं. बाहेर उबदार आणि दमट हवा असेल तेव्हा झरोका बंद ठेवायचा, हे मात्र घरच्यांना अजून पटत नाही. हवा खेळती हवी हे सगळ्यांना पाठ असतं. पण ती हवा गार तळघरात शिरली की आपलं पाणी आपल्याच भिंतीवर ठेवते, हे कोण सांगणार?

भुरीचंही तुमच्याकडूनच कळलं. तिला पान ओलं लागत नाही, उलट पाण्यात तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. तिला दमट, कोंदट हवा आणि दाटी मानवते. देठ कुजवणाऱ्या करड्या बुरशीला मात्र ओलावाच हवा असतो. म्हणून रोपं विरळ केली, पान जेमतेम हलेल इतपत पंखा लावला आणि लागण झालेली पानं जागेवरच पिशवीत बंद करून बाहेर नेते. भिंतीवरची काळी बुरशी तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने घासून काढली. कोरडी खरवडू दिली नाहीत, ते बरं केलंत.

एका बाबतीत मात्र आपलं अजून जमत नाही. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, हे तुमचं म्हणणं भिंतीच्या बाजूने बरोबर आहे. पण तेवढ्या कोरड्या हवेत माझी कोवळी रोपं माना टाकतात. मी ५५ ते ६०च्या दरम्यान ठेवते आणि रात्री डोळ्यांत तेल घालून आकडा बघते.

तुम्ही ठेवून गेलेला दुसरा आर्द्रतामापक भिंतीलगत, जमिनीजवळ टांगला आहे. खोलीच्या मध्यावरच्या मापकापेक्षा तो हटकून जास्त आकडा दाखवतो. तेवढा एवढ्यात परत मागू नका.

तुमची,
तळघरातली बागवाली