बाबा, तुमच्या यादीवर काट मारली आहे

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

जूनमध्ये तुम्ही आमच्याकडे डब्लिनला आलात की आयर्लंडमधलं काय काय बघायचं, याची यादी लिहून बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मिळाला. अनुक्रमांक, ठिकाण, अंतर, शेरा असे रकाने पाडलेले बघून वाटलं, बांधकाम खात्यातून निवृत्त झालात ते फक्त कागदोपत्री. पण बाबा, बेलफास्ट, जायंट्स कॉजवे, गॉलवे, कॉनेमारा, क्लिफ्स ऑफ मोहर, केरी आणि ब्लार्नी हे सगळं चार दिवसांत? तुम्ही आम्हाला पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि कोल्हापूर दोन दिवसांत उरकून आणलं होतंत, तोच हिशेब इथे लावलेला दिसतो. त्या सहलीतलं आईला आजही फक्त गाडी लागलेली आठवते.

तेव्हा मी लाल पेन घेऊन बसले. केरी आधी गेलं. तो नुसता फेराच १७९ किलोमीटरचा, शिवाय डब्लिनहून तिथे पोचायला चार तास. ब्लार्नीला दगडाचं चुंबन घ्यायला किल्ल्याच्या माथ्यावर चढून, पाठीवर आडवं होऊन डोकं खाली सोडावं लागतं. आईची मान आणि गुडघे बघता तो विषय बंद. बेलफास्ट आणि कॉजवे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. सरहद्दीवर फाटक नाही की चौकी नाही. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि वेगाच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत येतात, एवढंच. पण कोणी अडवत नाही म्हणून कागदाशिवाय जायचं, हे मला जमणार नाही. तुमच्या व्हिसावर बीआयव्हीएस (म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंड दोन्हीकडे चालणारा व्हिसा) अशी अक्षरं आहेत का बघा आणि फोटो पाठवा. असतील तर पुढे कधीतरी एक दिवस आगगाडीने बेलफास्ट करू. या सहलीत नाही.

उरलं ते पश्चिम किनाऱ्यावरचा क्लेअर परगणा आणि गॉलवेचा दक्षिण भाग. शुक्रवारी निघायचं, सोमवारी परत. जूनच्या पहिल्या सोमवारी इथे सार्वजनिक सुट्टी असते, त्या वेळी खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात, म्हणून त्याच्या पुढचा शुक्रवार धरलाय. तिन्ही रात्री मुक्काम एकाच घरी, किनव्हारा नावाच्या बंदरगावात. रोज बॅगा भरा, रोज उघडा, हा ताप नको. निखिलला रजा नाही, त्यामुळे आपण तिघंच. मला तर बरंच वाटलं. त्याला सांगू नका.

बाबा, गाडी मी चालवणार. तुम्ही "इथेही डावीकडूनच चालवतात ना?" असं तीनदा विचारलंत, त्यामागचा हेतू मला कळला. हो, डावीकडूनच. पण गाडीचा विमा माझ्या आणि निखिलच्या नावावर आहे. तुम्ही पुढच्या सीटवर नकाशा घेऊन बसायचं. आणखी एक काम तुमच्याकडे. गावाकडचे रस्ते इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर कोणीतरी मागे घेत घेत कुंपणाच्या खाचेत शिरायचं. मधोमध गवत वाढलेलं असतं, दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं आरशाला घासतात. अशा वेळी वाट देणाऱ्याला समोरचा माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करतो. नुसतं एक बोट, हात नाही हलवायचा. माझे दोन्ही हात गुंतलेले असतील, तेव्हा आपल्या गाडीच्या वतीने ते बोट तुम्ही उचलायचं. अशा रस्त्यांवर २०२५ च्या फेब्रुवारीपासून वेगाची मर्यादा ८० वरून ६० वर आणली आहे, आणि खरं सांगू, साठानेही कोणी शहाणा जात नाही.

आणि पहाटे पाचला निघायचं नाही! पाचला उजाडलेलं असेल, पण उघडं काहीच नसेल. शिवाय जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सकाळी नाश्ता करून नऊला निघालो तरी दिवस संपता संपत नाही.

शुक्रवारी वाटेत अ‍ॅथलोनला महामार्ग सोडून क्लॉनमकनॉइजला जाऊ. शॅनन नदीच्या काठी सहाव्या शतकात संत किअरन यांनी स्थापलेला मठ. आता छप्पर उडालेली देवळं, थडगी आणि दोन गोल मनोरे. त्यातल्या मोठ्या मनोऱ्यावर ११३५ साली वीज पडून माथा गेला. नक्षीचे मूळ दगडी क्रूस पावसाने झिजू नयेत म्हणून आत नेऊन ठेवलेत, बाहेर प्रतिकृती आहेत. बाबा, आधी आतले बघा, मग बाहेरचे. तिथे बाकावर बसून आईचा डबा खाऊ. पुढे किनव्हारापर्यंत फक्त गाडी.

शनिवार क्लेअरमधल्या बरन नावाच्या खडकाळ भागाचा. यासाठीच मी बाकी सगळं कापलंय. आपल्या कोकणातला कातळाचा सडा डोळ्यांसमोर आणा, फक्त जांभ्याच्या जागी राखाडी चुनखडक. डोंगरच्या डोंगर उघडे, फरशी अंथरल्यासारखे, आणि फरशीला लांबच लांब भेगा. वरून बघितलं तर गवताची काडी नाही. वाकून भेगेत बघितलं की खाली नेचे, ऑर्किड, गुलाबी-जांभळं जिरेनियम. उंच थंड पहाडातली झाडं आणि भूमध्य समुद्राकडची झाडं इथे शेजारी शेजारी उगवतात. जेन्शनची निळी फुलं मात्र मेमध्येच येऊन जातात, ती या खेपेला हुकणार.

गुरांची तऱ्हा तर आणखी उलटी. सगळीकडे गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नि हिवाळ्यात खाली, इथे हिवाळ्यात वर. खडक उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो, पाणी भेगांतून निथळून जातं, त्यामुळे पायाखाली कोरडं राहतं. गुरं हिवाळ्यात जुनं गवत खाऊन साफ करतात, म्हणून उन्हाळ्यात फुलांना जागा मिळते. आजोबा असते तर गुराख्याशी यावर तासभर बोलले असते. भाषेची अडचण त्यांना कधी आलीच नाही.

तिथेच पोलनाब्रोन आहे. उभ्या शिळांवर तिरकी ठेवलेली एक भलीमोठी शिळा, पाच हजार वर्षांहून जुनं थडगं. खोदकामात तीसहून अधिक माणसांची हाडं निघाली. पार्किंगपासून पाच-सात मिनिटांची चाल, पण पाय भेगेत गेला तर मुरगळलाच. आईने स्पोर्ट्सचे बूट घालायचे. "चपला बऱ्या" ऐकून घेतलं जाणार नाही.

बाबांना गडगे मात्र पोटभर बघायला मिळतील. मैलोन्‌मैल सुक्या दगडांचे, चुना नाही, सिमेंट नाही, काही ठिकाणी तर दगडांच्या फटींतून पलीकडचं आभाळ दिसतं. वारा त्या फटींतून निघून जातो, म्हणून गडगा पडत नाही. यावर तुमचं मत काय ते तिथे उभं राहूनच सांगा. हात लावून बघा, पण दगड उपसू नका.

रविवारी क्लिफ्स ऑफ मोहर. कडे सर्वांत उंच जागी २१४ मीटर, खाली सरळ अटलांटिक. दिवसा बसगाड्यांची जत्रा असते, म्हणून आपण संध्याकाळी सहानंतर जायचं. दहापर्यंत उजेड आहेच. फरसबंदीची वाट आणि दगडी कठडा आहे, तिथवरच जायचं. पलीकडे मातीच्या वाटेने काठावर जाऊन फोटो काढणारे दिसतील, बाबांनी त्यांच्यात सामील व्हायचं नाही. कठड्याला जवळच्या लिस्कॅनर गावच्या फरश्या आहेत, त्यांवर प्राचीन जिवांच्या सरपटण्याच्या नागमोडी खुणा तशाच उमटलेल्या आहेत. आईला वारा सोसणार नसेल तर ती आणि मी आत कॉफी पिऊ. धुकं असलं तर काहीही दिसत नाही, समुद्राचा नुसता आवाज येतो. तसं झालं तर मी हळहळणार नाही, तुम्हीही हळहळू नका.

सोमवारी परतीला एनिसवरून एम १८ महामार्गाने येऊ. लटूनजवळ रस्त्याकडेला एक काटेरी झुडूप आहे. हा रस्ता करताना ते तोडलं जाणार होतं, पण परी लोकांचं ठिकाण म्हणून १९९९ मध्ये एडी लेनिहान नावाच्या कथाकाराने आवाज उठवला आणि रस्त्याचं काम झुडूप राखून झालं. पुढे २००२ मध्ये कोणीतरी त्याच्या फांद्या छाटल्या, तरी ते पुन्हा फुटलं. बाबा, देवचाराच्या झाडापायी रस्ता वळवल्याचे किस्से तुमच्याकडे ढीगभर आहेत. महामार्गावर थांबता येत नाही, त्यामुळे किस्सा झुडपाच्या आधी सुरू करा.

खाण्याचं. घरमालकीणबाईंना आईसाठी अंडी, मश्रूम, टोमॅटो सांगून ठेवलंय. ताटात काळी गोल चकती आली तर ती डुकराच्या रक्ताची असते, सरळ नको म्हण. दुपारी सूप आणि काळसर ब्राऊन ब्रेड. बांगडा मिळेल, पण तिरफळाशिवाय तुला तो बांगडा वाटणार नाही, म्हणून तिरफळं आणायचा मोह होईल. वाळलेली, दुकानातली, पाकीटबंद असली तरच आण. घरचं तूप, खवा, आंबे अजिबात नकोत, विमानतळावर काढून घेतात. नारळ चालतो. सुकट नियमाप्रमाणे चालते, पण माझ्या गाडीत चालत नाही.

कोणी कुठले म्हणून विचारलं तर बाबांना आयतं उत्तर आहे. २०१७ मध्ये इथे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर म्हणजे आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१९ च्या डिसेंबरात गावी येऊन गेले ते तुम्हाला माहीतच आहे. फक्त ते आपले लांबचे नातलग आहेत असं सांगू नका. मागच्या वेळी निखिलच्या ऑफिसातल्यांनी ते खरं मानलं होतं.

आता तुमच्याकडून हवंय ते. रक्तदाबाच्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. व्हिसाचा फोटो. आईचा बुटाचा नंबर, इथे घेऊन ठेवते. आणि रविवारी सकाळ मोकळी आहे, ती किनव्हाराच्या धक्क्यावर घालवायची की गॉलवेच्या बाजारात, हे आईने ठरवायचं. बाबांनी तिच्या वतीने कळवू नये.

तुमची,
मनाली