नंबर सांगितल्याशिवाय बिल होत नाही?

महोदय,

सदाशिव पेठेत १९९३ ते २००८ अशी पंधरा वर्षं मी एसटीडी-पीसीओ, म्हणजे पैसे देऊन परगावी फोन लावायचा बूथ, चालवला. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, त्यामुळे साडेदहापासूनच कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांची रांग लागे. लातूर, परभणी, जळगावकडची मुलं. काचेचं दार ओढून घेतलं तरी निम्मं बोलणं बाहेर ऐकू येई. कुणाची फी थकलेली, कुणाचे वडील दवाखान्यात. फोन ठेवला की टर्र करत पावती यायची. फिरवलेला नंबर, वेळ आणि रक्कम तिच्यावर छापलेली असे. बरीच मुलं ती तिथेच टाकून जात. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "लोकांचे नंबर आहेत ते, केरात टाकू नकोस." त्या पावत्या मी रोज सकाळी बंबात घालत असे.

हे आत्ता आठवायचं कारण गेल्या महिन्यात घडलं. साखर तपासायला एका लॅबमध्ये गेले, फॉर्मवर मोबाइल नंबर लिहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी मुलीचा फोन. "काकू, शुगर वाढलीय ना तुमची? आमची पावडर तीन महिने घेऊन बघा." माझं नाव, वय, सगळं तिला ठाऊक. रिपोर्टचं मी अजून मुलालाही सांगितलं नव्हतं. नंबर कुठून मिळाला, असं विचारताच तिने फोन ठेवला. लॅबवाल्यांनी हात वर केले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हा फोन फक्त बोलण्यापुरता होता. आलेल्या फोनचेही पैसे पडत, म्हणून मोबाइलवाली गिऱ्हाइकंसुद्धा फोन कट करून माझ्या बूथवर बोलायला येत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि माझा धंदा बसत गेला. त्याचं मला दुःख नाही. पण आज तोच नंबर बँकेला, आधारला, गॅसला, औषधांच्या दुकानाला जोडलेला आहे. तो एकदा हाती लागला की माणसाचं सगळं घर उघडं पडतं.

शेजारच्या बायका मला फोनच्या रेडिएशनबद्दल विचारतात. त्यावर निदान मर्यादा तरी आहे: शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींसाठी किलोमागे १.६ वॉट, सप्टेंबर २०१२ पासून. बऱ्याच फोनवर *#०७# दाबलं की त्या फोनचा आकडाही दिसतो. आपली माहिती किती आणि कुणाकडे गेली, हे मात्र कोणतंही बटण दाबून कळत नाही.

परवा लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात दोन टॉवेल घेतले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "नंबर सांगा काकू." मागे सातआठ माणसं उभी. मी म्हटलं, "नंबराशिवाय बिल कर." तो म्हणाला, सिस्टीम पुढेच जात नाही. मी तिथून हलले नाही. शेवटी मॅनेजर आले, त्यांनी नंबराच्या जागी दहा वेळा नऊ दाबले आणि बिल झालं! म्हणजे नंबराची गरज नव्हतीच. माझ्यामागच्या बाईंनी मात्र तोवर आपला नंबर सांगायला सुरुवातही केली होती, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

बिलासाठी ग्राहकाकडे मोबाइल नंबराचा आग्रह धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. कामापुरतीच माहिती घ्यावी, असं सांगणारा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यात आणखी अठरा महिने दिले आहेत. तोपर्यंत किती नंबर किती हातांत गेलेले असतील?

पुण्यातल्या व्यापाऱ्यांना आणि लॅबचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. काउंटरवर 'मोबाइल नंबर देणे ऐच्छिक आहे' अशी पाटी ठळक अक्षरांत लावा. आणि ज्याला द्यायचा असेल त्याच्यापुढे की-पॅड सरकवा, त्याचा नंबर त्यालाच टाकू द्या.

– एक माजी पीसीओचालक, सदाशिव पेठ, पुणे