नायिकेची नोकरी जाते कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत कोरियन ड्रामांवर सारखं काही ना काही येत असतं, कुठला हिरो, कुठली जोडी, पुढचा सीझन कधी, पण त्यातले कितीतरी ड्रामे ज्या वेबकॉमिक्सवरून, म्हणजे मोबाइलवर एपिसोडने वाचायच्या चित्रकथांवरून आलेत, त्यांच्यावर एक ओळ नसते. वाचणाऱ्या तर इथेच आहेत. सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्स-हार्बरच्या लेडीज डब्यात बघा, ऐरोली, रबाळे, घणसोली येईपर्यंत किती जणी अंगठ्याने स्क्रोल करत असतात. मी पण त्यातलीच, रोमान्स कॉमिक्स मनापासून वाचते आणि म्हणूनच हे पत्र.

माझी तक्रार अशी की पहिल्या पाच-दहा एपिसोडमध्ये जी मुलगी आपल्याला भेटते ती पुढे सापडतच नाही. चेहरा तोच, नाव तेच, पण तिचं शिक्षण, नोकरी, मैत्रिणी, घरचं टेन्शन हे सगळं हिरो आला की हळूहळू पुसलं जातं, आणि उरते ती फक्त लाजणारी, रडणारी आणि "तो माझ्याशी असं का वागला" याचा विचार करणारी मुलगी.

रेचल स्माइथची 'लोर ऑलिंपस' घ्या. ग्रीक पुराणातला पाताळाचा राजा हेडीस आणि तरुण देवी पर्सेफोनी यांची गोष्ट, 2018 ला सुरू झाली, 2024 ला संपली, 2022 मध्ये तिला कॉमिक्ससाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला, आणि चित्रांसाठी तर मिळायलाच हवा होता. तो निळा, ती गुलाबी, अंधारातल्या चौकटीत पण कोण कुठे उभंय ते रंगावरून कळतं, मी ते एपिसोड नुसते रंग बघायला परत उघडलेत. पण पर्सेफोनी गावाकडून येते ती शिकायला, स्कॉलरशिपवर! आईच्या धाकातून सुटून पहिल्यांदा एकटी राहणारी मुलगी, आपल्याकडे बाहेरगावाहून येऊन घणसोली-कोपरखैरणेला पीजीत राहणाऱ्या मुलींना हे कोणी समजावून सांगायला नको. मग मला बघायचं होतं की ती शिकते काय, तिला आवडतं काय, नापास झाली तर काय करते. ते बाजूलाच पडतं. ती 19 वर्षांची आणि तो हजारो वर्षं जगलेला राजा, हा मुद्दा गोष्ट स्वतःच काढते, पात्रं त्यावर बोलतात पण, आणि एवढा मोठा मुद्दा मग प्रेमात विरघळून जातो. काढलात ना विषय, मग धरून ठेवा की.

दुसरं उदाहरण 'व्हॉट्स राँग विथ सेक्रेटरी किम' या कोरियन गोष्टीचं. आधी वेब कादंबरी, मग कॉमिक, मग 2018 चा ड्रामा. सुरुवात किती भारी आहे, नऊ वर्षं बॉसच्या मागे धावलेली बाई एक दिवस सांगते की मी नोकरी सोडतेय, मला आता माझं आयुष्य जगायचंय. ऑफिसात काम करणाऱ्या कुठल्याही बाईला हे वाक्य आतून लागेल. आणि ते आयुष्य काय निघतं, तर त्याच बॉसशी लग्न! हसवतं छान, जोडीही गोड आहे, मान्य. पण तिने राजीनामा दिला तेव्हा तिच्या मनात दुसरं काय काय होतं ते मला अजून वाचायचंय.

असं का होतं याचं एक कारण मला धंद्यात दिसतं. सुरुवातीचे एपिसोड फुकट, मग दर आठवड्याला एक, आणि पुढचे आत्ताच हवे असतील तर पैसे देऊन अ‍ॅपमधले कॉइन विकत घ्या. म्हणजे प्रत्येक एपिसोडचा शेवट असा हवा की अंगठा थेट कॉइनवर गेला पाहिजे. नायिकेने ऑफिसात प्रेझेंटेशन दिलं यावर कोणी कॉइन घालत नाही, पण हिरोला दुसऱ्या मुलीसोबत बघितलं आणि ती पावसात पळत सुटली यावर घालतात. मग ते पळणं पाच एपिसोड चालतं. दोन मिनिटं बोलले असते तर मिटलं असतं, पण बोलू द्यायचं नसतं. आपल्या टीव्ही मालिकांना आपण याच गोष्टीसाठी नावं ठेवतो ना?

आणि ते मनगट धरणं. हिरो चिडला की मनगट धरून ओढत नेतो, मागे गुलाबी पाकळ्या उडतात. तुर्भे स्टेशनच्या ब्रिजवर कोणी असं धरलं तर आपण ओरडू, चार बायका जमवू. गोष्टीत मात्र तीच मुलगी घरी जाऊन मनगटाकडे बघत हसते. हे लिहिणाऱ्यांमध्ये बायका पण खूप आहेत म्हणून जास्तच राग येतो.

राग यासाठी पण की या माध्यमात ताकद जबरदस्त आहे. पान उलटायचं नसतं, सगळं वरून खाली. चांगली चित्रकार काय करते, "तुला काही सांगायचंय?" एवढं एका चौकटीत लिहिते आणि खाली नुसती पांढरी जागा सोडते, लांबच लांब, आपण स्क्रोल करत राहतो, उत्तर येत नाही, शेवटी फक्त टेबलावरचा गार झालेला कप दिसतो. छापील पानावर हा थांबा असा पकडता येत नाही. एवढं हातात असताना तीच ती श्रीमंत वारसदाराची गोष्ट आणि तोच तो सेकंड लीड, म्हणजे नायिकेवर प्रेम करणारा दुसरा मुलगा, जो हिरोपेक्षा समजूतदार असतो आणि निव्वळ हिरोला जळवण्यासाठी वापरला जातो.

"टाइमपास आहे, एवढं काय मनावर घ्यायचं" असं माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात. मला पटत नाही. ज्या गोष्टीसाठी आपण रात्री बारापर्यंत जागतो, तिच्याकडून थोडं मागायचा हक्क आहे आपल्याला.

म्हणून विनंती, सिनेमाचं आणि पुस्तकांचं परीक्षण छापता तसं या कॉमिक्सचं पण छापा, नीट वाचणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या, चित्रांबद्दल वेगळं आणि गोष्टीबद्दल वेगळं. आणि त्या लिहिणाऱ्याला एवढं जरूर सांगा की पन्नासाव्या एपिसोडला नायिका काय काम करते तेही लिही.

एक वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई