परराष्ट्रमंत्री साहेब, एक पेटी म्हणजे एक लेकरू

माननीय डॉ. एस. जयशंकर साहेब,

सप्रेम नमस्कार.

मी नंदुरबार जिल्ह्यात अंगणवाडीची मुख्य सेविका होते, पाड्यावरचे लोक सुपरवायझर बाई म्हणायचे, आता रिटायर झालेय. परराष्ट्र धोरणातलं मला फार कळतं असं नाही, पण दंडाचा घेर मोजायची पट्टी मी आयुष्यात हजारो वेळा लावलीय आणि गाझातल्या उपाशी पोरांसाठीचं हे पत्र त्या पट्टीपायीच लिहितेय.

पट्टी साधीच असते, तीन रंगाची. पोराच्या डाव्या दंडाला गुंडाळायची, हिरव्यात आलं तर जा खेळायला, पिवळ्यात आलं तर लक्ष ठेवायचं, आणि साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेलं की लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषित, सॅम. साडेअकरा म्हणजे केवढं, तर जुन्या टॉर्चमधला तो जाडा सेल आठवा, त्याच्यापेक्षा जेमतेम जाड दंड. धडगावकडे एका पाड्यावर एका मुलीला पट्टी लावली, लाल आली, आणि तिची आई कौतुकाने सांगत होती की ही खूप शहाणी आहे, अजिबात रडत नाही. मी काही बोलले नाही. रडायचं त्राण नव्हतं हो पोरीत.

गेल्या वर्षी टीव्हीवर गाझातल्या एका दवाखान्याचं दृश्य दाखवत होते आणि तिथल्या नर्सच्या हातात तीच पट्टी, तेच तीन रंग. मुलगा आणि सून राजकारणावर वाद घालत बसले होते, मी मात्र त्या पोराच्या दंडाकडेच बघत होते.

आधीच सांगते, मी कुणाची बाजू घेऊन भांडायला आलेली नाही. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने जे केलं, साधारण 1200 माणसं मारली, अडीचशेच्या आसपास लोक ओलीस धरून नेले, ते भयंकरच होतं. आणि इस्रायल म्हणजे आपल्याला काही परका देश नाही, अलिबाग-पेणकडचे आपले बेने इस्रायली, ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे, त्यांची नातवंडं तिकडे राहतात आणि काही घरात अजून मराठी चालते. पण तिथून पुढे दोन वर्षात गाझात जी माणसं मेली त्यांचा आकडा तिथलं आरोग्य खातं 70 हजारावर सांगतंय, आणि त्यात लहान मुलं हजारोंनी आहेत. ती मुलं कुठल्या पक्षात होती?

आता माझ्या कामाचं बोलते. 2025 च्या 2 मार्चपासून 19 मे पर्यंत इस्रायलने गाझात काहीच जाऊ दिलं नाही, ना धान्य, ना औषध, ना इंधन. 11 आठवडे. आमच्या ग्राम बाल विकास केंद्रात सॅम पोराला वर काढायला साधारण आठ आठवडे लागतात, तेही दिवसातून चार-पाच वेळा खायला घालून, म्हणजे एक पोर वर यायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ अख्खी वस्ती उपाशी ठेवली. मग 22 ऑगस्टला आयपीसीने, ही जगभरची अन्नटंचाई मोजणारी यंत्रणा आहे, गाझा शहर आणि भोवतालच्या भागात दुष्काळ असल्याचं जाहीर केलं. पाऊस पडला नाही म्हणून पडलेला दुष्काळ नाही हा, ट्रक गेटवर उभे होते.

10 ऑक्टोबरला युद्धबंदी झाली, ट्रक वाढले, आणि 19 डिसेंबरला आयपीसीने सांगितलं की दुष्काळ आता म्हणता येणार नाही. बरं वाटलं वाचून. पण त्याच अहवालात पुढे आहे की येत्या वर्षात पाच वर्षाखालची जवळपास 1 लाख मुलं कुपोषणात असतील आणि त्यातली 31 हजारावर सॅम. टीव्हीवाल्यांनी पहिलं वाक्य घेतलं आणि विषय संपवला. आमच्याकडेही असंच व्हायचं, तालुक्याच्या मीटिंगमध्ये ‘मृत्यू घटले’ म्हटलं की टाळ्या, आणि पट्टी लाल आलेली पोरं तिथेच पाड्यावर.

साहेब, या 31 हजाराचा एक हिशोब मी वहीत मांडलाय. सॅम पोरासाठी शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट मिळतं, आरयूटीएफ म्हणतात, त्यात दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं. एक पाकीट 92 ग्रॅमचं, 500 कॅलरी. आमच्याकडे यावरून बरेच वाद झाले, बाहेरचं पाकीट कशाला, ताजा गरम आहार द्या म्हणून, आणि मी स्वतः ताज्या आहाराच्याच बाजूची, ज्या घरात चूल आहे तिथे पाकीट नकोच. पण जिथे चूल नाही, गॅस नाही, प्यायचं पाणी खारट आणि घाण, तिथे पाकिटाला पर्याय नाही, कारण ते शिजवायला लागत नाही, पाण्यात कालवायला लागत नाही, कोपरा फाडायचा आणि बोटावर घेऊन चाटवायचं. 150 पाकिटांची एक पेटी, वजन 14 किलोच्या आसपास, आणि एका पेटीत एका पोराचा जवळपास पूर्ण कोर्स होतो. एक पेटी, एक लेकरू.

म्हणजे 31 हजार पेट्या. साडेचारशे टनाच्या आतच बसतंय सगळं. आपल्या हवाई दलाच्या सी-17 विमानाच्या सहा-सात फेऱ्या.

आणि हे पाकीट आपल्याच देशात बनतं, युनिसेफ आपल्याकडून विकत घेतं. सगळंच भारताने द्यावं असं मी म्हणत नाही, बाकीचे देशही देतातच. भारताने काहीच केलं नाही असंही म्हणणार नाही, ते खोटं होईल. ऑक्टोबर 2023 मध्ये आपलं विमान दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावरून इजिप्तच्या एल अरिशला गेलं, साडेसहा टन औषधं आणि 32 टन इतर सामान घेऊन, नोव्हेंबरमध्ये अजून 32 टन, मग ऑक्टोबर 2024 मध्ये 30-30 टनाच्या दोन खेपा, त्यात कॅन्सरची औषधंसुद्धा होती. शिवाय यूएनआरडब्ल्यूए म्हणजे पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या यूएनच्या संस्थेला आपण वर्षाला 50 लाख डॉलर देतो. चांगलंच आहे. पण अशी मदत आमच्या पोषण पंधरवड्यासारखी होते, बॅनर लागतो, फोटो निघतो, सामान उतरतं आणि पुढच्या महिन्यात काय याचा पत्ता नसतो. सॅम पोराला एकदाच भरपूर देऊन काही होत नाही, त्याला रोज लागतं. महिन्याला एक फेरी ठरवा, कमी वजनाची का असेना, पण ठरलेली.

आता खरी अडचण, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, सामान पाठवणं सोपं आहे पण आत नेणं नाही. एल अरिशला उतरलेला माल गाझाच्या वेशीवर, इस्रायलच्या ताब्यातल्या केरेम शालोमच्या नाक्यावर येतो, तपासणी, मग एका ट्रकमधून उतरवून दुसऱ्या ट्रकमध्ये भरायचा, आणि त्यात कशाला हरकत निघेल नेम नाही. मार्च 2024 मध्ये यूएनआरडब्ल्यूएच्या प्रमुखांनी सांगितलं होतं की मुलांच्या औषधाच्या किटमध्ये कात्री निघाली म्हणून अख्खा ट्रक परत पाठवला. कात्री हो! बँडेज कापायची. आमच्या प्रत्येक अंगणवाडीच्या मेडिसिन किटबरोबर एक असायचीच.

इथे तुमचं काम येतं साहेब. इस्रायलशी इतकी जवळीक फार कमी देशांची असेल. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांचे अर्थमंत्री दिल्लीत येऊन गुंतवणुकीचा करार करून गेले, नोव्हेंबरमध्ये आपले वाणिज्यमंत्री मुक्त व्यापाराच्या बोलणीसाठी तेल अवीवला गेले. करा करार, पण ज्या टेबलावर शुल्काचं बोलणं होतं त्याच टेबलावर पाकिटांच्या पेट्यांचं एक कलम काढायला काय हरकत आहे? भारताने पाठवलेला मुलांचा आहार आणि औषधं नाक्यावर अमुक दिवसांच्या वर अडकणार नाहीत, एवढंच लेखी घ्या. मित्राला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली ती बोलूनच टाकते. 12 जून 2025 ला यूएनच्या आमसभेत ठराव आला, युद्ध थांबवा आणि नागरिकांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं हत्यार करू नका. 149 देश हो म्हणाले आणि आपण तटस्थ राहिलेल्या 19 मध्ये. डिसेंबर 2023 मध्ये आपण युद्धबंदीच्या बाजूने होतो, सप्टेंबर 2025 मध्ये दोन राष्ट्रांच्या तोडग्याला परत हो म्हटलं, मग मधेच जूनमध्ये काय झालं? संवादातून मार्ग निघावा हे तुमच्या खात्याचं म्हणणं मी वाचलंय. पण उपासमारीवर तटस्थ कसं राहायचं ते मला, 31 वर्ष पोरांची वजनं केलेल्या बाईला, खरंच कळलं नाही.

आणि कर्नल वैभव काळे. लष्करातून निवृत्त होऊन यूएनच्या सुरक्षा विभागात गेले होते. 13 मे 2024 ला गाझातल्या रफाहमध्ये यूएनच्या गाडीतून हॉस्पिटलकडे जाताना मारले गेले, त्या युद्धात गेलेले यूएनचे पहिले परदेशी कर्मचारी, आणि अंत्यसंस्कार पुण्यात झाले. मदत पोचवणाऱ्यांची ये-जा सुरक्षित ठेवायची म्हणून आपला माणूस तिथे होता. त्यांच्या मृत्यूच्या चौकशीचं पुढे काय झालं हे तुम्ही संसदेत एकदा नीट सांगावं, नुसतं ‘संपर्कात आहोत’ नको.

पत्र लांबलं, माफ करा. उत्तर आलं नाही तरी चालेल, विमान गेलं तर बातमी दिसेलच.

आपली नम्र,
एक निवृत्त मुख्य सेविका,
जि. नंदुरबार

ता. क. – गाझा शहरातल्या अल अझहर विद्यापीठात भारताच्या पैशातून जवाहरलाल नेहरू लायब्ररी बांधली होती आणि दैर अल बलाहच्या टेक्निकल कॉलेजात महात्मा गांधींच्या नावाची, हे तुमच्याच खात्याच्या माहितीत वाचलं. अल अझहरची इमारत बॉम्बहल्ल्यात पडली असंही वाचलं. त्या दोन्ही लायब्ऱ्यांचं आज काय उरलंय ते कुणी जाऊन बघितलं का? आमच्याकडे साधी अंगणवाडीची खोली पडली तरी पंचनामा करावा लागायचा.