मुलाच्या हाती कोयता देणारा आरोपपत्रात कुठे असतो? गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गुन्हेगारी टोळ्यांकडून अल्पवयीन मुलांचा होणारा वापर आणि वापर करणाऱ्यांवरील कारवाई.

मा. महोदय,

कोयते नाचवत वाहनांची तोडफोड करणारी, वर्चस्वाच्या वादातून एखाद्याचा जीव घेणारी आणि त्याचे चित्रण स्वतःच समाजमाध्यमांवर टाकणारी मुले पकडली गेली, की त्यांतली काही अठरा वर्षांखालची निघतात आणि अल्पवयीनतेची वयोमर्यादा खाली आणा ही मागणी पुन्हा पुढे येते. कुणी सोळा म्हणतात, कुणी चौदा. या मागणीमागचा संताप खरा आहे. ज्यांच्या घरातला कर्ता माणूस अशा हल्ल्यात गेला, त्यांना मारेकऱ्याचे वय सांगून गप्प बसवता येत नाही आणि बसवूही नये. पण या साऱ्या चर्चेत एका माणसाचा उल्लेख क्वचितच होतो. ज्याने त्या मुलाला टोळीत ओढले, त्याच्या हाती कोयता दिला, कुणाला कुठे गाठायचे ते सांगितले आणि स्वतः घटनास्थळापासून दूर राहिला, त्या सज्ञान माणसाकडे आपण लक्ष द्यावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

त्याच्यासाठी कायदा नाही, असे नाही. बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ८३(२) नुसार कोणीही सज्ञान व्यक्ती किंवा सज्ञानांचा गट मुलांचा बेकायदेशीर कामांसाठी वापर करील, मग तो एकट्याने केलेला असो वा टोळी म्हणून, तर त्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ९५ याहून कडक आहे. गुन्हा करण्यासाठी मुलाला भाड्याने घेणाऱ्यास, कामाला लावणाऱ्यास किंवा त्यात गुंतवणाऱ्यास किमान तीन आणि कमाल दहा वर्षे कैद व दंड अशी शिक्षा त्यात आहे. शिवाय तो गुन्हा प्रत्यक्षात घडला, तर जणू त्याने स्वतःच्या हाताने केला असे मानून त्या गुन्ह्याची शिक्षाही त्याला द्यावी, असे हे कलम सांगते. म्हणजे मुलाने खून केला, तर त्याला त्या कामी लावणारा खुनाच्याच शिक्षेला पात्र ठरतो. अल्पवयीन मुलाला पुढे करून आपण सुटू, या टोळीप्रमुखाच्या हिशेबाला इतके थेट उत्तर देणारी तरतूद हाती असताना वयोमर्यादेवरच वर्षानुवर्षे वाद घालत राहणे मला अनाकलनीय वाटते.

वयाच्या मागणीतील मूळ अडचणही येथेच आहे. टोळी मुलाला घेते ती तो स्वस्तात मिळतो, पटकन भारावतो आणि पकडला गेला तरी लवकर बाहेर येईल असे तिला वाटते म्हणून. मर्यादा सोळावर आणली तर पंधरा वर्षांचा मुलगा शोधला जाईल, चौदावर आणली तर तेरा वर्षांचा. मुलाची शिक्षा वाढवल्याने त्याला वापरणाऱ्याचा धोका कणभरही वाढत नाही. तो वाढायचा असेल, तर खटला त्याच्यावर उभा राहिला पाहिजे.

सोळा ते अठरा या वयोगटाबाबत २०१५ च्या कायद्याने वाट आधीच मोकळी केली आहे, हेही सार्वजनिक चर्चेत बहुधा विसरले जाते. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा आहे, अशा निर्घृण गुन्ह्यात बाल न्याय मंडळ कलम १५ नुसार प्राथमिक मूल्यमापन करते आणि त्यानंतर त्या मुलावर सज्ञानाप्रमाणे बाल न्यायालयात खटला चालू शकतो. खून या व्याख्येत बसतो. खुनाचा प्रयत्न बसत नाही, कारण त्याला किमान शिक्षा ठरवलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात अशा गुन्ह्यांना ‘निर्घृण’ऐवजी ‘गंभीर’ या वर्गात ठेवले आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आले. कोयत्याचा वार झालेला माणूस दैवयोगाने वाचला, म्हणून हल्लेखोर मुलावर सज्ञानाप्रमाणे खटला चालत नाही, याचा अनेकांना राग येतो. त्यांना माझे सांगणे आहे, की मुलाला तेथे जी शिक्षा होत नाही, ती त्याला पाठवणाऱ्याला कलम ९५ खाली होऊ शकते.

मुलांना सज्ञानांच्या व्यवस्थेत ढकलल्याने समाज अधिक सुरक्षित होतो का, याचे उत्तर अमेरिकेने स्वतःच्या अनुभवातून मिळवले आहे. तेथील अनेक राज्यांनी १९९० च्या दशकात असे खटले सोपे केले. नंतर उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या तज्ज्ञगटाने २००७ मध्ये निष्कर्ष काढला, की सज्ञानांच्या न्यायव्यवस्थेत पाठवलेली मुले बालन्याय व्यवस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा पुढे हिंसक गुन्ह्यांत अधिक प्रमाणात अडकतात. एल साल्वादोरने २००३ मध्ये ‘मानो दुरा’ म्हणजे कठोर हाताचे धोरण राबवून टोळ्यांतील तरुणांना सरसकट तुरुंगात भरले. त्या काळात टोळ्या तुरुंगाच्या आतून अधिक संघटित झाल्या. ज्या मुलाचे टोळीशी नाते अजून कच्चे आहे, त्याला तिच्याच मुरलेल्या माणसांसोबत कोंडणे म्हणजे ते नाते पक्के करून देणे होय.

आता २०२१ च्या दुरुस्तीच्या दुसऱ्या भागाकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण तो मला सर्वांत चिंताजनक वाटतो. त्या दुरुस्तीने कलम ८६ बदलून बालन्याय कायद्याखालील तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र केले, आणि हा बदल १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आला. कलम ८३(२) ची कमाल शिक्षा सातच वर्षे असल्याने मुलांना टोळीसाठी वापरण्याचा गुन्हाही त्यात आला. एखाद्या आईने पोलीस ठाण्यात येऊन सांगितले, की अमुक ‘भाई’ माझ्या मुलाला रात्री बोलावून नेतो, त्याच्याकडे हत्यार ठेवायला देतो, तर केवळ या कलमाखाली पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. मूल अजून वाचवता येण्यासारखे असते, नेमक्या त्या टप्प्यावर कायद्याने पोलिसांचे हात बांधले आहेत. राज्याने हा बदल रद्द करण्याची शिफारस केंद्राकडे करावी, अशी माझी मागणी आहे. मात्र एखाद्या प्रकरणात एक जरी दखलपात्र गुन्हा असला, तरी संपूर्ण प्रकरण दखलपात्र मानले जाते. त्यामुळे खून, दरोडा किंवा खंडणीच्या प्रकरणात हे कलम न लावण्यास ही अडचण सबब होऊ शकत नाही.

मग हे कलम लावले का जात नाही? याचे एक कारण प्रकरण ज्या रीतीने दुभंगते त्यात आहे. एकाच गुन्ह्यात चार सज्ञान आणि दोन अल्पवयीन असले, तर सज्ञानांचे कागद नियमित न्यायालयात किंवा मोक्काच्या (संघटित गुन्हेगारीविरोधी राज्य कायद्याच्या) विशेष न्यायालयात जातात आणि मुलांचे बाल न्याय मंडळाकडे. पहिल्या ठिकाणी मुले केवळ ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ अशा एका ओळीत उरतात आणि दुसऱ्या ठिकाणी सज्ञान आरोपींविषयी काही ठरवायचेच नसते. मुलाला कुणी आणले हा प्रश्न त्यामुळे दोन्हीकडे अनाथ राहतो. वास्तविक कायद्याने तो अनेक ठिकाणी विचारायला लावला आहे. परिविक्षा अधिकाऱ्याने (मुलाची पार्श्वभूमी तपासणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरने) पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. कलम १५ च्या मूल्यमापनात मुलाने कोणत्या परिस्थितीत गुन्हा केला हे पाहायचे असते, आणि टोळीचा दबाव ही परिस्थितीच असते. कलम १२ नुसार मुलाला जामीन नाकारण्याचे एक कारण असे आहे, की सुटल्यास तो एखाद्या ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाण्याची शक्यता आहे. मंडळाने हे कारण देऊन मुलाला निरीक्षणगृहात ठेवले असेल, तर तो ज्ञात गुन्हेगार कोण आहे हे कुणाला तरी ठाऊक आहे. त्याच्यामुळे मूल आत राहते आणि तो स्वतः बाहेर फिरतो, ही गोष्ट न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही.

येथे एक काळजी घ्यावी लागेल. मंडळापुढील अहवाल कायद्याने गोपनीय आहेत आणि ते तसेच राहिले पाहिजेत. ते तपास अधिकाऱ्याच्या हाती पडले, तर मुले बोलणेच बंद करतील. मुलाचा स्वतंत्र वकील हजर असताना, त्याच्या संमतीने, दंडाधिकाऱ्यांपुढे आणि त्याच्याविरुद्ध वापरला जाणार नाही अशा हमीनेच त्याचा जबाब घेतला जावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेचा लाभ त्याला आणि त्याच्या कुटुंबाला मिळावा. वकील स्वतंत्र असण्यावर मी भर देतो, कारण मुलाचा वकील टोळीने दिला आणि जामिनाचा खर्च टोळीने केला, तर त्याचे तोंड त्याच दिवशी बंद झाले असे समजावे. विधी सेवा संस्थेमार्फत मुलाला वकील मिळेल हे पाहणे मंडळाचे कर्तव्य आहे. पहिल्या चोवीस तासांत मूल हजर केले जाते, तेव्हा तो वकील तेथे असला पाहिजे.

अडचणी मला मान्य आहेत. मुलांना आणणारा पुष्कळदा स्वतःच एकोणीस-वीस वर्षांचा असतो आणि काही वर्षांपूर्वी तोही असाच आणला गेलेला असतो. कलम ९५ ची कारवाई त्याच्यावर येऊन थांबली आणि वरचा माणूस मोकळा राहिला, तर हाती फारसे लागणार नाही. काही टोळक्यांत सज्ञान कुणी नसतेच, केवळ एका वयाची मुले असतात. तेथे मंडळ, समुपदेशन आणि परिविक्षा यांनाच वेळेवर काम करावे लागेल. चार महिन्यांत चौकशी पूर्ण करण्याचा दंडक पाळणे हीसुद्धा सुरक्षाच आहे, कारण प्रकरण रेंगाळत असताना टोळी मुलाच्या संपर्कातच असते.

पोलिसांनी काय करू नये, याबद्दलही स्पष्ट लिहितो. आरोपींची भरवस्तीत धिंड काढली, की टाळ्या मिळतात. अल्पवयीनांच्या बाबतीत मुलाची ओळख उघड करण्यास कलम ७४ नुसार मनाई आहे, त्यामुळे हा प्रकार बेकायदेशीर ठरतो. परिणामाच्या दृष्टीने तो त्याहून वाईट आहे, कारण दहशतीच्या चित्रफितींवर नाव कमावू पाहणाऱ्या मुलाला त्यातून आयती प्रसिद्धी मिळते.

बाहेरच्या जगात कामी आलेली उदाहरणेही आहेत. बॉस्टनमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या ‘ऑपरेशन सीझफायर’मध्ये पोलीस, परिविक्षा अधिकारी, सामाजिक कार्यकर्ते आणि धर्मगुरू यांनी टोळ्यांतील तरुणांना समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या : हिंसा झाली तर संपूर्ण टोळीवर एकत्रित कारवाई होईल, आणि बाहेर पडायचे असेल त्याला मदत मिळेल. त्यानंतर तेथील तरुणांच्या हत्यांत मोठी घट नोंदवली गेली. ग्लासगोमध्ये २००५ साली पोलिसांनीच हिंसा कमी करण्यासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि पुढे हीच पद्धत वापरली. दोन्ही ठिकाणी मुलाला बाहेर पडण्याची वाट दाखवली गेली, आणि दबाव टोळीवर आणला गेला.

आपल्या अधिकारात लगेच करता येण्यासारखे एक काम सुचवतो. ज्या गुन्ह्यात अल्पवयीन आणि सज्ञान एकत्र आहेत, किंवा मुलामागे सज्ञान व्यक्ती असल्याचा संशय आहे, अशा प्रत्येक प्रकरणात कलम ९५ व कलम ८३(२) लावले आहे का, आणि नसल्यास का नाही, याची कारणे तपास अधिकाऱ्याने लेखी नोंदवावीत आणि वरिष्ठांनी ती तपासावीत, असे परिपत्रक पोलीस महासंचालकांमार्फत काढावे. प्रत्येक जिल्ह्यातील विशेष बाल पोलीस पथकावर याची जबाबदारी द्यावी. या दोन कलमांखाली राज्यात किती गुन्हे नोंदले गेले, किती आरोपपत्रे गेली आणि किती जणांना शिक्षा झाली, हे आकडे दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावेत. पुढच्या अधिवेशनात वयोमर्यादेवर चर्चा होण्यापूर्वी हे आकडे सदस्यांच्या हाती असावेत, ही विनंती.

आपला,
एक नागरिक

प्रत माहितीसाठी : मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य.