तरुण संघ: शनिवारच्या वाचनाबाबत

सर्व सभासदांना कळावे, येत्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला मार्ककृत शुभवर्तमान सुरू होईल. अध्याय 16, दर वेळी दोन, म्हणजे आठ शनिवार. 14वा अध्याय 72 वचनांचा आहे, एकाला दम लागतो. पहिल्याने 42पर्यंत वाचावं, दुसऱ्याने येशूच्या अटकेपासून पुढे.

बायबल छापीलच आणा. मोबाईलवर प्रत्येकाचं भाषांतर वेगळं निघतं, एकत्र वाचताना गोंधळ होतो, शिवाय मधेच व्हॉट्सॲप वाजतं. कन्नड शाळेतल्या मित्रांनी कन्नड बायबल आणलं तरी चालेल; वचनांचे आकडे तेच, शेजारी बसून बोट ठेवलं की जुळतं.

नवीन आलेल्याला मोठ्याने वाचायला लावण्याआधी हळूच विचारा. खानापूर, निपाणीकडच्यांना बस गाठायची असते, सातला प्रार्थना करून उठू. चहाचे कप ज्याचे त्याने धुवायचे.